पापणीवरचे अभ्रक



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी दूरध्वनीवरून विषय विचारला, तेव्हा आम्ही कंत्राटी पद्धतीवर किंवा किमान वेतनावर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही सांगितले, 'स्त्रिया पापण्यांना रंग लावतात, त्या रंगाच्या पेटीवर बोलावे म्हणतो.' पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते म्हणाले, 'जरा ऐकू येत नाही, पुन्हा सांगता का?' तीस-पस्तीस वर्षे कारखान्यांच्या दारांत भाषणे करून आमचा आवाज फाटला आहे हे खरे, परंतु त्यांना नीट ऐकू आले होते. आज इतक्या उकाड्यात आपण आलात, तेव्हा एक कबुली आधीच देऊन ठेवतो. हा विषय आम्हांला कोणत्या पुस्तकात सापडला नाही. तो आमच्याच घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी सापडला, आणि त्याच्याबरोबर आमची एक जुनी चूकही सापडली.

आमचे शिक्षण दहावीपर्यंत, तेही दोन खेपांत. १९८६ साली सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत विजेच्या मोटारी भरण्याच्या खात्यात आम्ही उमेदवार म्हणून लागलो. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीत जुन्या करारांच्या फायली चाळताना. मोटारीचे काम येथे मुद्दाम सांगतो आहोत. ते पुढे उपयोगी पडणार आहे.

२०२४ च्या डिसेंबरात आमच्या मुलीचा साखरपुडा ठरला. मुलगी अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात आहे, कंत्राटदाराच्या हजेरीपटावर. हातात पडतात तेरा हजार रुपये. साखरपुड्याच्या दिवशी चेहरा सजवून द्यायचे पार्लरवाल्या बाईंनी सहा हजार सांगितले. मुलीने तोंडी हिशेब केला, चौदा दिवसांची मजुरी निघाली, आणि ती त्या पायरीवरूनच परत फिरली. येताना तिने दोनशे नव्याण्णव रुपयांची एक पेटी आणली. 'बाबा, पॅलेट आणलंय,' ती म्हणाली. आम्हांला चित्रकाराची रंग कालवायची फळी आठवली. उघडून पाहतो तो आत बारा लहान लहान खण, मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांसारखे, आणि प्रत्येकात एकेक रंग : विटकरी, मातकट, गुलाबी, सोनेरी, मोरपिशी. झाकणाला आरसा.

करार वाचायची सवय जडलेला मनुष्य आधी बारीक अक्षरे वाचतो. आम्ही चष्मा लावून पेटी उलटी केली. उत्पादकाचे नाव-पत्ता होता, परवाना क्रमांक होता, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत होती. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे हे सारे छापलेले असावे लागते, आणि शिसे वा आर्सेनिक यांची संयुगे रंगासाठी वापरण्यास मनाई आहे. मेनरोडच्या कडेला याच रंगांची पेटी नव्वद रुपयांना मिळत होती, तिच्यावर कोणाचेच नाव नव्हते. मुलीने ती घेतली नाही याचे आम्हांला समाधान वाटले. ज्या मालावर मालकाचे नाव नाही, त्याच्याविरुद्ध दाद कोणाकडे मागायची? डोळ्यांना लावायची वस्तू स्वस्त असावी, पण बेनामी असू नये.

पुढे घटकांची यादी होती. आम्ही ती कोशात पाहून एकेक करून लावली. टाल्क म्हणजे आपले शंखजिरे. आयर्न ऑक्साइड म्हणजे गेरूला ज्याच्यामुळे लाली येते ते लोखंडाचे संयुग. आमची आई तुळशीवृंदावन त्यानेच सारवी. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ती भुकटी. आणि यादीच्या आरंभीच एक शब्द असा होता की त्याला कोश लागला नाही : मायका. अभ्रक! हा तर आमच्या खात्यातला जुना सोबती.

परंतु आधी रंगीत तालीम. नाटकवाले हा शब्द ज्या अर्थाने वापरतात ते आपणांस ठाऊक आहे. आमच्याकडे ती अक्षरशः रंगीत झाली. समारंभाच्या आठ दिवस आधी, रविवारी सकाळी, खिडकीशी आरसा टेकवून मुलगी बसली. आदल्या दिवशी तिने कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून ठेवला होता. खाज नाही, लाली नाही, तेव्हा पापणीला लावायला हरकत नाही असे ठरले. स्वस्त पेटीचे गुणदोष त्या सकाळी आम्हांला शिकायला मिळाले. चमक नसलेले रंग खडूसारखे कोरडे; ब्रश दाबला की भुकटी गालांवर सांडते. म्हणून ब्रश हलका टेकवायचा, झटकायचा, आणि एकदम न थापता दोन-तीन हात द्यायचे. डोळे आधी, गाल मागून, म्हणजे सांडलेले पुसता येते. चमकीचे रंग मात्र ब्रशापेक्षा बोटाने चांगले बसतात. आणि रंग टिकावा म्हणून आधी पापणीला एक पातळ लेप लावायचा. त्याला प्रायमर म्हणतात. आमची पत्नी कणीक मळता मळता म्हणाली, 'म्हणजे कुंकवाखालचं मेण की!' मुलगी आरशातून आईकडे पाहतच राहिली. आजीच्या करंड्यातली मेणाची डबी तिने लहानपणी पाहिली होती, पण ती कशासाठी असते हे तिला त्या दिवशी उमगले.

मोरपिशी रंग दिव्याखाली सुरेख दिसला. उन्हात पाहिला तर डोळ्याला मार लागल्यासारखा. तो बाद झाला. विटकरी आणि सोनेरी ठरले. मग मुलगी म्हणाली, 'आई, आता तू ये. तुझ्या साडीवर कोणता शोभतो बघू.'

पत्नीने हात धुतले, पदराला पुसले, आणि खुर्चीकडे न जाता तिने आमच्याकडे पाहिले. तेवढेच. काही बोलली नाही. पण त्या पाहण्याचा अर्थ त्या घरात फक्त दोघांनाच ठाऊक होता.

१९९७ सालची गोष्ट. आमच्या लग्नाला वर्ष झाले होते. १ मेचा मेळावा होता आणि आम्ही प्रथमच व्यासपीठावर बसणार होतो. पत्नीने शेजारणीकडून मागून आणून पापण्यांना किंचित निळा रंग लावला होता. आम्ही दारात चपला घालता घालता तिला म्हणालो, 'कामगाराच्या बायकोला हे सोंग शोभत नाही. पुसून टाक.' त्या काळी आम्ही नवे नवे वाचत होतो. साधेपणा ही आम्हांला चळवळीची वर्दी वाटे, आणि ती वर्दी घरातल्यांनीही घालावी असा आमचा हुकूम असे. तिने पदराने पुसले. मेळाव्याला ती आली, मागच्या रांगेत बसली, तिने टाळ्याही वाजवल्या. मात्र त्यानंतर सत्तावीस वर्षे तिने कपाळावरच्या टिकलीवाचून दुसरा रंग चेहऱ्याला लावला नाही. आम्हीही कधी विचारले नाही. तिला आवड नसेल, अशी आम्ही सोयीची समजूत करून घेतली होती. मालकाने 'कामगारांची काही तक्रार नाही' असे म्हटले की आम्ही टेबलावर मूठ आपटतो. घरात आम्ही तेच म्हणत होतो.

वास्तविक आम्हांला शहाणपण यायला लांब जायची गरज नव्हती. आमची आई सिन्नरला घरी विड्या वळी. दिवसाला हजार विड्या, तंबाखूने पिवळी पडलेली बोटे. पण सणाच्या दिवशी ती एरंडेलाचा दिवा लावून वर तांब्याची थाळी उपडी धरी, काजळी जमवून लोण्यात खली, आणि आरसा नसला तर पाण्याच्या घागरीत डोकावून ते डोळ्यांत घाली. काजळ तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत घालू नये असे डॉक्टर सांगतात, आणि दगडी सुरम्यात पुष्कळदा शिसे असते, हे आता आपण जाणतो. तो भाग वेगळा. सांगायचे ते एवढेच, की काबाडकष्ट करणाऱ्या बाईला सजावेसे वाटते ते श्रीमंतांचे पाहून नव्हे. दिवसभर जे हात दुसऱ्याच्या मोजणीत असतात, ते घटकाभर आपल्या चेहऱ्यासाठी उचलावेत, यात तिची स्वतःची मालकी असते. ही साधी गोष्ट आम्ही आमच्या आईत पाहिली आणि पत्नीत ओळखली नाही.

आम्ही म्हणालो, 'बस की. लाव म्हणावं तिला. त्या वेळी आमचं चुकलं.' मुलीला काही कळले नाही. पत्नी म्हणाली, 'अहो, कणीक वाळेल.' पण ती बसली.

मुलीने अनामिका सोनेरी खणात टेकवली आणि आईच्या मिटलेल्या पापणीवर फिरवली. खिडकीतले ऊन पडले आणि पापणी लकाकली. नेमके त्याच क्षणी आमच्या डोळ्यांपुढे दुसऱ्या दोन पापण्या आल्या. त्या कोठल्या हे सांगण्यासाठी पुन्हा अभ्रकाकडे वळतो.

अभ्रक हा पानांपानांचा दगड. नखाने त्याचे कागदाहून पातळ पापुद्रे निघतात. त्यातून वीज जात नाही आणि उष्णतेने तो जळत नाही. म्हणून जुन्या इस्त्रीत तापणारी पट्टी अभ्रकाच्या पत्र्यावर गुंडाळलेली असे, आणि मोटारीच्या कम्युटेटरमध्ये तांब्याच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये अभ्रक भरलेले असे. तांबे झिजले की मधले अभ्रक कोरून खाली घ्यावे लागे; ते आमचे उमेदवारीतले पहिले काम. संध्याकाळी बाह्या झटकल्या की चमचम खाली पडे. रंगाच्या पेटीत हेच अभ्रक बारीक दळून येते. प्रत्येक कणावर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा लोखंडाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवतात. पावसात रस्त्यावर तेल सांडले की त्यावर इंद्रधनुष्य दिसते ना, तसाच प्रकाशाचा हा खेळ. थराची जाडी बदलली की चमकेचा रंग बदलतो, रुपेरीचा सोनेरी होतो, सोनेरीचा तांबूस.

हे अभ्रक पेटीपर्यंत येते कोठून, हे आम्ही योगायोगाने पाहिले होते. २०१८ साली धनबादला कामगार संघटनांच्या एका बैठकीस आम्ही गेलो होतो, आणि परतताना कोडरम्याला उतरलो. तेथले स्थानक ज्या गावात आहे त्याचे नाव आपणां सर्वांस पाठ आहे : झुमरी तलैया. आकाशवाणीवर गाण्यांची फर्माईश ज्या गावातून हटकून यायची, तेच हे. पुष्कळांना ते गाव काल्पनिक वाटते. ते खरे आहे, आणि ते अभ्रकाच्या व्यापाऱ्यांचे गाव आहे. गंमत अशी, की जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये आतले भाग जागच्या जागी धरायला अभ्रकाच्याच चकत्या असत. म्हणजे त्या गावाचे नाव जेथून ऐकू येई, त्या यंत्राच्या पोटात त्या मुलखाचा दगड बसलेला असे.

गावाबाहेर जंगलात गेलो, तर वाटेवरची मातीच चमकत होती. एका उतारावर एक बाई हातोडीने ढेकळे फोडून कपचे वेचत होती. त्या कपच्यांना तिकडे ढिबरा म्हणतात. आम्ही मोडक्यातोडक्या हिंदीत भाव विचारला. 'किलोला आठ रुपये,' ती म्हणाली. शेजारच्या आडव्या बिळातून तिचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा टोपली ओढत बाहेर आला. उन्हात आल्यावर त्याने डोळे मिटून घेतले. त्याच्या दोन्ही पापण्यांवर सोनेरी चमक होती. आमच्या पत्नीच्या पापणीवर मुलीच्या बोटाने उतरली, तशीच.

आमच्या पेटीवर कोडरम्याचे नाव नव्हते. पण कोणत्याच गावाचे नाव नव्हते, हाच मुद्दा आहे.

हा मुलूख झारखंडचा कोडरमा व गिरिडीह आणि बिहारचा नवादा अशा जिल्ह्यांत पसरला आहे. एके काळी येथे रीतसर खाणी होत्या. १९४६ साली अभ्रकाच्या खाणकामगारांसाठी कल्याणनिधीचा कायदाही झाला होता. पुढे रेडिओचे व्हॉल्व्ह गेले, विजेच्या कामात दुसरे पदार्थ आले, १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि मोठे गिऱ्हाईक गेले. त्याआधी १९८० साली वनसंरक्षणाचा कायदा झाला होता, आणि जंगलातल्या खाणींचे पट्टे पुढे चालू राहणे अवघड झाले. खाणी बंद पडल्या. दगड आणि पोट मात्र जागेवर राहिले. लोक टाकलेल्या ढिगाऱ्यांतून आणि सोडलेल्या खाणींतून ढिबरा वेचू लागले. आता कागद पाहा. कागदावर खाण नाही, म्हणून कामगार नाही. कामगार नाही, म्हणून हजेरीपट नाही. आणि हजेरीपट नाही, म्हणून कोणी दरडीखाली गेला तर अपघातही नाही. २०१६ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने शोध घेतला, तेव्हा दोन महिन्यांत सात मुले अशा खाणींत मेल्याचे आणि ती प्रकरणे दडपली गेल्याचे आढळले. २०१९ साली राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या पाहणीतून बाहेर आले, की झारखंडच्या अभ्रकपट्ट्यात ६ ते १४ वयाची ४,५४५ मुले शाळेत जात नव्हती.

मग ही पेटी घेऊच नये काय? तरुण वयात आम्ही ताडकन 'घेऊ नये' म्हटले असते, जसे १९९७ साली दारात म्हटले होते. आज तसे म्हणवत नाही. काही कंपन्या भट्टीत केलेले कृत्रिम अभ्रक वापरतात; यादीत त्याचे नाव 'सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट' असे लांबलचक असते. ते घेतल्याने आपला जीव हलका होईल, परंतु त्या उतारावरच्या बाईचे आठ रुपयेही जातील. बहिष्काराने आपले हात स्वच्छ होतात; तिची चूल पेटत नाही.

दुसरा मार्ग आमच्या आईच्या आयुष्यात घडलेला आहे. विडी घरी वळली जाई, म्हणून कारखानदार म्हणत, या आमच्या कामगार नव्हेतच. १९६६ साली विडी-सिगार कामगारांचा कायदा झाला आणि घरी बसून विडी वळणारी बाईही कामगार ठरली. कारखानदार न्यायालयात गेले; १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. १९७६ साली विडी कामगारांचा कल्याणनिधी आला. आईला फोटो लावलेले ओळखपत्र मिळाले. ते तिने देवघरात ठेवले होते. विडीचा धंदा चांगला होता असे आम्ही म्हणत नाही, त्याने आईची छाती पोखरली. पण त्या पत्रामुळे ती कोणीतरी ठरली. तिला दवाखाना मिळाला, आणि आम्हांला वह्यांपुरती शिष्यवृत्ती.

ढिबरा वेचणाऱ्या बाईलाही एवढेच हवे आहे : ती कामगार आहे, असे लिहिलेला एक कागद. त्या कागदाला धरून किमान दर येतो, सुरक्षित खाण येते, मुलाची शाळा येते. २०१५ साली अभ्रक गौण खनिजांत घातले गेले, म्हणजे २०२५ पर्यंत त्याचे नियम करण्याचा अधिकार राज्याकडे होता. २०१७ साली पॅरिसमध्ये अभ्रक वापरणाऱ्या कंपन्यांनी 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' ही संस्थाही स्थापन केली. तेव्हा वाट अगदीच बंद नाही. आपण गिऱ्हाईक म्हणून एक करू शकतो. पेटीवर कंपनीचा पत्ता असतो, त्या पत्त्यावर विचारायचे : अभ्रक कोठून घेता, आणि वेचणाऱ्याला किलोमागे काय देता? आमच्या मुलीने तिच्या कंपनीला असे पत्र लिहिले. छापील आभाराचे उत्तर आले, दराचा उल्लेख नाही. तिने दुसरे लिहिले. करार पहिल्या पत्राने होत नसतात, हे तिने घरातच पाहिले आहे.

साखरपुडा झाला. मुलगी सुरेख दिसत होती. ते श्रेय दोनशे नव्याण्णव रुपयांचे थोडे, आणि आठ दिवस आधीच्या तालमीचे अधिक. आमची पत्नी जांभळ्या साडीत, पापण्यांवर अगदी पुसटसा सोनेरी हात देऊन, पुढच्या रांगेत बसली होती. फोटोवाल्याने 'काकू, इकडे बघा' म्हटले, तेव्हा तिने आमच्याकडे न पाहता सरळ त्याच्याकडे पाहिले. तो फोटो आता भिंतीवर आहे.

तो पाहताना आम्हांला दरवेळी त्या मुलाची आठवण होते. तो आता पंधरा-सोळा वर्षांचा असेल. त्याच्या पापण्यांवरची ती चमक सोहळ्याची नव्हती. ती झटकून टाकण्याचा, अंग धुऊन शाळेत जाण्याचा त्याला हक्क होता. आणि आमच्या पत्नीला ती लावण्याचा हक्क होता. हे दोन हक्क एकमेकांचे वैरी आहेत असे समजण्यात आमची अर्धी उमर गेली. आपली जाऊ नये, म्हणून हे सांगितले.